डाव्या बाजूचा कापूस

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो. नाहीतर बोईसर ते सातपाटी एवढ्याशा वाटेवर कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. हेमावहिनींचा खुबा मोडला, तो माझ्यामुळे.

त्यांचा नवरा जनार्दन कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर होता. मला घरी मोटारसायकलच्या सीट बनवायचा नाद. त्याचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून त्याची सीट घरी आणून फोम हॅक्सॉ ब्लेडने उतरवला. मागची डावी बाजू जास्त कापली गेली. पुन्हा फोम चिकटवायचा कंटाळा केला. गादीतला कापूस दाबून भरला आणि वर रेग्झिन ताणलं. दिसायला एकदम सपाट. मी पुढे दोन्हीकडे पाय टाकून बसून पाहिलं, झालं. वहिनी मांडीवर मासळीची पाटी घेऊन, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात, हे डोक्यातच आलं नाही. शिरगावच्या गतिरोधकावर कापूस दबला आणि त्या घसरल्या.

"रेग्झिन फाटलंय, शिवून देतो," म्हणून मी ती सीट परत आणली, कापूस काढला, फोम भरला. गाडी वेगात घेतल्याचं खापर जनार्दनच्या डोक्यावर फुटलं. त्याने गाडी चालवायची सोडली, मग नोकरी, आणि बोटीवर जायला लागला.

यंदा त्याचा फोन आला. "परत चालवीन म्हणतो. ही पण तयार हाय. नवी सीट मातर तूच बनव, तुझा हात चांगला."

तो बोटीवर असेल असाच दिवस धरून मी निघालो. नवी सीट माझ्या गाडीला मागे बांधली होती. बोईसरला सिग्नलजवळ एक कामगार हसला, "चाचा, सीट लेके निकले, गाड़ी घर पे भूल आए क्या?" मला हसू आलं नाही. उमरोळीच्या पुढे थांबून दोरी तपासली. पालघरला चहा अर्धा टाकून निघालो. पुन्हा उतरून सीटची डावी कड अंगठ्याने दाबली. घट्ट होती. थोड्या वेळाने परत दाबली.

शिरगावचा तो गतिरोधक मी पाय टेकत, गाडी जवळजवळ ढकलत ओलांडला. सातपाटीत शिरताच वलांड्यांवर (मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडण्या) बोंबील लटकलेले दिसले. वहिनी दारातच होत्या, काठी भिंतीला टेकवलेली. त्यांनी तळलेले बोंबील आणि भाकरी पुढे केली. मी खाली मान घालून खाल्लं. मग त्यांच्या गाडीला सीट बसवली.

"भावजी, नुसती बसवून काय कळतंय? मला शिरगावपरेंत फिरवून आणा."

"जनार्दन येऊ दे, वहिनी."

"तो पन घाबरतो, तुमी पन घाबरता. पडले ती मी! अन् भ्याव तुमाला?"

त्या दोन्ही पाय डावीकडे सोडून बसल्या. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. गतिरोधक दिसला तेव्हा त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं. त्या होत्या तिथेच बसलेल्या होत्या.

गाडी बाजूला घेतली आणि मागे न बघता मी सगळं सांगितलं. कापूस, डावी बाजू, नंतर गुपचूप भरलेला फोम, सगळं.

मग त्या म्हणाल्या, "हाडाचं सोडा. माजे दोनी भाऊ दवाखान्यात ह्याला नाय नाय ते बोलले. बायको मारायला निघालेलास, म्हणाले. तुमी तितंच व्हतात ना, थर्मासमधला चहा वतत?"

"होतो."

"ह्याला मी नाय सांगनार, तुमीच सांगायचं. घरी चला."

दारात उतरताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला नाही. भिंत धरली.

परतताना अंधार व्हायच्या आत बोईसर गाठलं. वाटेत कुठे थांबलो नाही. मला वाटत होतं, सांगितलं की भीती सरेल. सरली नाही. तिला फक्त आता नीट चेहरा आला आहे, बोटीवरून उतरणाऱ्या जनार्दनचा.

वहिनींच्या दोन्ही भावांना बोलावून, जनार्दनच्या देखत, चूक माझी होती हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.