मोजणीसाठी झाडलेलं वाडगं

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जागा आहे. तिला आम्ही वाडगं म्हणतो. अंगण समोर, ते सारवायचं. वाडग्यात म्हशीचा खुंटा, कडब्याची गंजी, गोवऱ्या, उकिरडा. भोवती तुराट्यांचं कुंपण, दर वर्षी नवं. गावात घर म्हटलं की वाडगं त्यातच आलं, ते वेगळं सांगायची पद्धत नाही.

गावठाणाची ड्रोनने मोजणी होणार, असं ग्रामपंचायतीने कळवलं. साहेबलोक येणार म्हणून आई-वडिलांनी वाडगं झाडून काढलं. गंजी शेतात हलवली, गोवऱ्या घराच्या माळवदावर गेल्या, म्हैस शेतातल्या गोठ्यावर, आखाड्यावर. जुनं कुंपणही मोडून टाकलं, कारण ते वाईट दिसत होतं. ड्रोन उडवण्याआधी हद्दीच्या खुणांसाठी चुना टाकणारे आले. त्यांनी घराच्या भिंतीलगत पांढरी रेघ ओढली. वडील शेजारीच उभे होते. घराला रेघ मारली म्हणजे वाडगंही त्यात आलं, असं ते समजले. आईने सगळ्यांना चहा दिला.

काही महिन्यांनी ग्रामपंचायतीत नकाशा लागला. भिंतीपर्यंत आमचं नाव, पुढे ‘मोकळी जागा, ग्रामपंचायत’. मी जालन्यात मस्तगड भागात राहतो, तिथून गावी गेलो. तोवर वडिलांनी गंजी, गोवऱ्या, म्हैस सगळं परत आणून ठेवलं होतं. जागा वापरात आहे हे अधिकाऱ्यांना दिसावं, एवढाच त्यांचा हेतू.

नकाशावर आम्ही घेतलेली हरकत ऐकायला आलेला अधिकारी तरुण होता आणि नीट बोलणारा. त्याने मोबाइलमध्ये ड्रोनचा फोटो दाखवला. त्यात वाडगं स्वच्छ, रिकामं होतं.

“काका, मोजणीच्या वेळी इथं काहीच नव्हतं. हे सगळं नंतर आलंय. याला अतिक्रमण म्हणतात.”

“साहेब, तुमी येनार म्हनून तर झाडून ठेवल्तं,” वडील म्हणाले.

अधिकारी हसला नाही. जुना काही पुरावा आहे का, एवढंच त्याने विचारलं. घराचा होता, वाडग्याचा वेगळा कधी कोणी केलाच नव्हता. मी त्याला वाडगं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि सरकारी नकाशात असा प्रकार नसतो, असं सांगितलं.

त्याच आठवड्यात शेजाऱ्याने ट्रॅक्टरची ट्रॉली वाडग्यात आणून लावली. वडिलांनी हटकलं तर म्हणाला, “आबा, आता गावाची जागा हाय. ऱ्हाऊ द्या की.” त्याचं स्वतःचं वाडगं नकाशात शाबूत होतं, त्याने कधी झाडलंच नव्हतं.

आई वडिलांना म्हणाली, “पाव्हने येनार म्हनून सारं उचललं. आता घरबी उचला.”

पुढे ग्रामपंचायतीने तोडगा काढला. जागा गावाची आहे आणि परवानगीने वापरतो, असं वडिलांनी लिहून द्यायचं; मग ट्रॉली हलवायला लावू आणि म्हैसही राहू देऊ. मी त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं. सही करा, असं मीही सुचवलं. दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

“माझ्याच घरात ऱ्हायला परवानगी घेऊ का?” त्यांनी विचारलं.

‘घराचा प्रश्न नाही,’ असं मी म्हणू लागलो आणि थांबलो.

त्यांनी सही केली नाही. हरकत फेटाळली गेली. म्हैस सध्या रस्त्याच्या कडेला बांधलेली असते.