टँकरच्या गावात काच धुवा म्हणणारा मी

मंडळी, आज डोकं उन्हापेक्षा जास्त तापलंय.

मी सोलर विकतो. सिरसाळ्याकडच्या एका गावात दूध सोसायटीच्या छतावर मीच पॅनल बसवून दिलेत. सकाळी चेअरमन आण्णांचा फोन आला, "वीज कमी येतीय, दूध गार होईना. आत्ता ये."

गेलो. वर चढून बघतो तर पॅनलवर धुळीचा जाड थर. खाली येऊन मी नेहमीचं पाठ केलेलं बोललो, "आण्णा, दर आठवड्याला पाण्यानं धुवा म्हणलो होतो ना? कावून धुतलं न्हाई?"

सोसायटीसमोर पाण्याचा टँकर लागलेला. रांगेतली एक मावशी घागर कमरेवर घेऊन माझ्याकडं वळली. "काचंला आंघोळ घालायची म्हणतोस व्हय रं? आमची कधी झाली ते इचार की आधी!"

सगळी रांग हसली. आण्णा हसले न्हाईत. म्हणाले, "शेजारच्या सोसायटीला मीच तुझं नाव सुचवलंय. आता त्यांना काय सांगू?"

पुण्याला कंपनीच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "कस्टमरला नीट समजावून सांग. कोरडं पुसलं तर ओरखडे पडतात, वॉरंटी जाते. पाणीच मारायला लाव."

आणि आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'दुष्काळी भागासाठी खास'!

बिनपाण्यानं पॅनल साफ करायची रीत कुणाला माहीत असंल तर खाली लिहा. "पाणी मारा" म्हणणाऱ्यांनी मात्र लिहू नका. उद्या टँकर यायच्या वेळेला गावात या, आणि त्या मावशीला तोंडावर सांगा.