साच्यावरची नजर

अकोल्याजवळच्या एका पोलाद कारखान्यात मी सेन्सर बसवायला गेलो होतो. साच्यात वितळलेलं पोलाद किती वर आलं, हे तो विद्युतचुंबकीय लहरींवरून ओळखतो. तोवर हे काम एक म्हातारा कामगार निळ्या काचेतून बघून करायचा. धगीनं त्याच्या भुवया झडल्या होत्या. तो रोज माझ्याजवळ मुकाट उभा राहायचा. काम जाणार म्हणून रागावला असेल, असं मला वाटलं.

चाचणीच्या दिवशी त्यानं विचारलं, “साहेब, पोलाद उतू जायच्या अगुदर हे सांगते काय?”

“हो, लगेच भोंगा वाजतो.”

त्यानं सेन्सरच्या डब्यावर हात ठेवला.

“मी घाम पुसाले काच बाजूले केली, तेवढ्यातच उतू गेलं. खाली माहा भाऊ होता.”

तो डब्यावरचा हात काढेना.