युरोपचं मानपान

दुबईजवळच्या रास अल खैमात मी एका टाइल्सच्या कंपनीत नोकरीला आहे. तिथे एक सांगलीकडचे गृहस्थ आहेत. आमच्या युरोपातल्या शाखेवर सायबर हल्ला झाला, की तिथल्या सरकारी कार्यालयांना कळवायचं, हे त्यांचं काम. हल्ला एकच, पण कळवायचं प्रत्येकाला वेगळं, ज्याच्या त्याच्या फॉर्मवर. म्हणून त्यांनी त्या कार्यालयांना नातेवाईक करून टाकलंय. "थोरल्या काकांना कळवलं," एक फॉर्म पाठवून ते म्हणतात, "आता आत्याबाई. उशीर झाला तर रुसून बसतील."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण युरोपचे नियम मला या काका-आत्यांमुळेच कळले, हे सांगायला लाज कसली?

परवा बातमी आली, की युरोप हे सोपं करायचं म्हणतोय: एकाच ठिकाणी कळवलं की पुरे. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "हबीबी, मग तुझी नोकरी खलास?" मी मान खाली घातली. त्यांच्या बायको-मुलीचा व्हिसा याच नोकरीवर आहे.

"साहेब, चार भावांनी मिळून एकच पत्रिका छापायची म्हटली, तरी वर नाव कुणाचं यात वर्षं जातात," ते म्हणाले. मॅनेजर हसत गेला.

मग त्यांनी युरोपने या बदलावर मागवलेलं कंपनीचं मत माझ्यासमोर लिहून पाठवलं: एकच खिडकी करा, आणि लवकर करा.

"अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा?"

"तेच रडगाणं दारोदार गाऊन मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आलाय हो."