दुपारी एक ते चार बंद

पार्से येथील सगुण नाईक यांनी सरकारी बसच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच श्रावणात स्वतःची वेबसाईट सुरू केली. ती दुपारी एक ते चार बंद असे.

वेबसाईट बनवून देणाऱ्या पेडण्याच्या रूपेशने त्यांना समजावून पाहिले. "काका, वेबसाईटीक झोप लागत नाय."

"तिका नाय लागत. माका लागता," सगुणबाब म्हणाले. "घराक माणूस येतलो आणि यजमान घोरत पडतलो? त्यापेक्षा दार लावलेलां बरां."

रूपेशने तशी सोय करून दिली.

मी तेव्हा पेडण्याहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. वेबसाईटवर आहे तरी काय, असे विचारल्यावर सगुणबाबांनी मला खुर्चीत बसवून सगळी वाचायला लावली. त्यांनी केलेल्या माटोळ्यांचे फोटो होते आणि एकेका रानफळावर लेख. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, शेंगा, कंद बांधतात, ती माटोळी. तालुक्याच्या स्पर्धेत पहिला नंबर बरीच वर्षे सगुणबाबांचा आणि दुसरा शेजारच्या अनंत गावड्यांचा असे. कोणते फळ रानात कुठे मिळते, हे स्पर्धेतला कोणी कोणाला सांगत नसे.

सगुणबाबांनी ते लिहून टाकले होते. कांगलां नावाच्या वेलीवरच्या फळांबद्दल त्यांनी गावावरच्या कातळी पठाराच्या, सड्याच्या, मागच्या उतारापर्यंतची वाट दिली होती आणि पुढे लिहिले होते, "चप्पल घट्ट बांधा. तिथे तुमची वाट फक्त जळवा पाहतात."

"सगुण, खूळ लागलां तुका?" अनंत कुंपणापलीकडून म्हणाले. "जागो कोण सांगता काय? तुज्या बापाशीन तरी तुका सांगितलेलो?"

"नाय. सोधता सोधता ढोपरां फुटली माजी. म्हणान लिवतंय."

त्यांची चिंता वेगळी होती: आपले कोणी वाचते का? रूपेशने वाचकांचा आकडा दाखवला. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. "मी तिकीट फाडून माणसां मोजली. ह्यो आकडो कसली तिकिटां फाडता? माका माणसां दाखय."

चवथीच्या आदल्या सकाळी त्यांनी मला सड्यामागे बोलावले. ते थर्मास आणि कॅमेरा घेऊन दगडावर बसले होते. वेलीला कांगलां भरपूर होती. तुम्ही का तोडली नाहीत, असे मी विचारले.

"वाचकाच्या आधी मी तोडली, तर लिवलेलां खोटां जातलां."

थोड्या वेळाने झुडपांतून अनंत आले. हातात कोयता, खांद्याला पिशवी. मागून स्पर्धेतले आणखी काही जण.

"येवा, येवा! च्या कोणाक होयी?"

"मी बैल सोधूक इलंय," अनंत म्हणाले.

"पिशयेत घालून घराक व्हरतलस?"

सगुणबाबांनी सगळ्यांना वेलीखाली उभे करून फोटो काढला. मग त्यांनी कांगलां तोडायला सांगितले. वेलीवर एक घोस उरला नाही.

त्या वर्षी अनंतना पहिला नंबर मिळाला. सगुणबाबांच्या माटोळीत कांगलां नव्हती. फोटो त्यांनी वेबसाईटवर सर्वांत वर लावला आणि खाली लिहिले, "माझे वाचक." अनंतनी तो काढायला सांगितला. सगुणबाबांनी काढला नाही.

पुढे काही वर्षांनी सगुणबाब वारले. वेबसाईट आता अनंत चालवतात. फोटो सर्वांत वर आहे. दुपारी एक ते चार ती बंद असते.