थोबच्या खिशाला बसेल असं पिस्तूल

कफीलला खिशात मावेल असं छोटं पिस्तूल घ्यायचं होतं आणि ते निवडायला त्याला शिंपी हवा होता. ऐकायला विचित्र वाटतं, पण इथले अरब पुरुष घोट्यापर्यंत पांढरा थोब घालतात आणि त्याचं उन्हाळी कापड इतकं पातळ असतं की खिशात किल्ल्या असल्या तरी त्यांचे दाते उमटतात. परवाना त्याच्याकडे होता. हत्यारांचं दुकान चुलतभावाचंच. अडचण एवढीच, की पिस्तूल जवळ आहे हे कुणाला दिसता कामा नये.

शिंपी म्हणजे माझे अब्बा. अल सुलैमध्ये गोदामांच्या रांगेला लागून त्यांचं दुकान आहे. दुकान कफीलच्या, म्हणजे आम्हाला इथे ठेवून घेणाऱ्या मालकाच्या नावावर; अब्बांचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, त्याच्या मर्जीवर. मी पदवी घेऊन इथे आलो तो काउंटर सांभाळायला.

त्याआधीचं माझं सगळं आयुष्य रायगडात, अम्मीजवळ गेलं. अम्मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. हुंड्याविरुद्ध, खाडीत रसायन सोडणाऱ्या कारखान्याविरुद्ध, मोहल्ल्यात आणि वाडीत तलवारी वाटत फिरणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांविरुद्ध. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. तलवारींच्या पत्रकाखाली एक शपथ होती: ‘मी शस्त्राला हात लावणार नाही आणि दुसऱ्याच्या हातात देणार नाही.’ सही करणाऱ्यांत मी सगळ्यांत लहान होतो. ती शपथ मी आजही मानतो. शस्त्राने माणूस धीट होत नाही, समोरचा फक्त गप्प होतो, असं मी लिहून छापलं आहे आणि पुन्हा लिहीन.

म्हणून अब्बांनी हे काम घेतल्याचं कळलं तेव्हा मी भडकलो.

“खिसा शिवायचाय रे. बंदूक नाही ओतायची.”

“खिसा कशासाठी ते ठाऊक असताना?”

“त्याला शेतावर कुत्र्यांची भीती वाटते.”

“तुम्हाला कुत्री सांगितली? मला गोदामातले चोर सांगितले. आणि काल फोनवर कुणा भागीदाराला शिव्या घालत होता.”

अब्बांनी सुईत दोरा ओवला आणि मग म्हणाले, “मग तूच सांग त्याला, की हे काम आम्ही करणार नाही. मी अडवणार नाही. फक्त खिशाच्या मापाच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर तो म्हणेल, पोरगा घाबरला.”

कफील बिथरला तर इकाम्याची मुदत वाढणार नाही आणि अब्बांना मशीन विकून गावी जावं लागेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी ते अडवणार नाही म्हणाले. मी अरबीत एक वाक्य तयार केलं: ‘माफ करा शेख, शस्त्राच्या कामात आम्ही हात घालत नाही.’ इस्त्री करताना, चहा उकळताना ते घोकत राहिलो. अम्मीला फोन करून सांगितलंही.

“आवाज चढवू नकोस,” ती म्हणाली. “पण बोल.”

खिशाच्या मापासाठी कफील आला दुपारी, बाजार बंद असतो त्या वेळी. अब्बांनी शटर अर्धं खाली ओढलं. कफीलने पिशवीतून दोन पिस्तुलं काढून कापायच्या टेबलावर ठेवली. दोन्हींची मॅगझिन काढून, आत गोळी नाही हे आम्हाला नीट दाखवलं. एक चपटं, तळहाताएवढं. दुसरं इतकं लहान की मुठीत झाकलं जावं.

कच्चे टाके घातलेला थोब तयार होता. पण स्वतः घालून आरशात बघितलं तर चालताना मागून काय दिसतं ते कळत नाही. त्याने माझ्याकडे बोट केलं.

“सदीक, तुझा मुलगा माझ्याच उंचीचा आहे. त्याला घाल.”

हीच ती वेळ होती. अब्बांच्या ओठांत टाचण्या होत्या. ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. खरोखर वाट बघत होते. मी दोन्ही हात वर केले, थोब डोक्यावरून घालता यावा म्हणून.

उजव्या खिशात त्याने चपटं पिस्तूल सोडलं. “यल्ला, चाल.”

मी शटरपर्यंत गेलो, परत आलो. मांडीवर वजन झुलत होतं. लाज वाटायला हवी होती, पण त्या घटकेला वाटली नाही. इकाम्यासाठी ज्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो होतो ते सगळे मला आठवले, आणि मी जरा सावकाश वळलो.

कफील खो खो हसला. “बघ, बघ! मंत्री आला!”

अब्बा माझ्या गुडघ्याशी बसले होते. “शेख, अस्तर दुहेरी लावतो. आकार उमटणार नाही.”

“कापडाचं नाही म्हणत मी. याची मान बघ. आंधळ्यालाही कळेल.”

अब्बांनी मान वर करून पाहिलं आणि लगेच पुन्हा शिलाईकडे नजर वळवली.

मग लहान पिस्तूल. मी पुन्हा फेऱ्या घालायला लागलो. कफील कॉलरबद्दल बोलत होता. त्याला कडक हवी होती, अब्बा म्हणत होते की मानेला काचेल. एसी नीट चालत नव्हता. मी विचार करत होतो जेवणाचा. डाळ गरम करायची राहिली होती. कपाळावर घाम आला म्हणून रुमाल काढायला खिशात हात घातला, आणि बोटांना ते थंड लागलं.

कफीलने टेबलावर थाप मारली. “खलास! हेच घ्यायचं. पोरगा विसरला!”

त्याने माझ्या गालावर चापटी मारली, पिस्तुलं पिशवीत घातली आणि शटरखालून वाकून निघून गेला. मी थोब काढला. टाचण्या टोचल्या तरी घाई केली. मग अब्बांच्या पाठीकडे बघत माझं वाक्य बोललो, पाठ केलेलं, अरबीत, अगदी शेवटपर्यंत.

“छान बोलतोस,” अब्बा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते खिशाचं अस्तर बेतत होते.

डाळ गरम केली. जेवताना अम्मीचा फोन आला. माझ्याने उचलवेना. अब्बांनी उचलून स्पीकरवर टाकला.

“बोलला का तो?” तिने सलाम-दुवा न करताच विचारलं.

“बोलला,” अब्बा म्हणाले. “मी ऐकलं ना.”

“आणि शेख?”

“शेख हसला. तू काळजी करू नकोस, दुकान चालू आहे.”

अम्मीचा आवाज भरून आला. “मला माहीत होतं,” ती म्हणाली, “माझा आहे तो.” अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या ताटात ठेवला. मी तो खाल्ला. फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता.

त्या शपथेचं पत्रक अम्मीने पुढच्या महिन्यात नव्याने छापायला घेतलं आहे. खाली दोन शब्द मी लिहावेत, असं तिचं म्हणणं आहे. तिला मी हे पाठवतो आहे.