नॉब चारवरच होता

मी या सदराचा जुना वाचक आहे. इथले अनुभव वाचताना माझ्या तोंडून नेहमी एकच वाक्य निघायचं – वायरिंग तपासलं होतं का? उमरग्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि गेली अठ्ठावीस वर्षं मी लग्नांत, साखरपुड्यांत, सत्कार समारंभांत गिटार वाजवतो. वय त्रेपन्न. शिट्टी आली की मी माईकचं तोंड कुठं आहे ते बघतो, घरघर आली की अर्थिंग बघतो. भूत, चकवा, कुणाची सावली... असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही. आजवर प्रत्येक आवाजाचं कारण मला सापडलंय.

एक सोडून. आणि ते सांगायचं तर आधी मला माझी एक चूक सांगावी लागेल. चूक हा शब्दही मी जरा सांभाळूनच वापरतोय.

मला गिटार शिकवली सिद्राम अण्णांनी. ते माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठे. आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत ते लीड म्हणजे गाण्यातले मुख्य तुकडे वाजवायचे, मी मागं कॉर्ड धरायचो. गिटार वाजवणारे पुष्कळ असतात, पण अण्णांना आवाज लावता यायचा. स्टेजवर गिटारवाला एक चूक हमखास करतो. अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करणारा डबा पायाशी ठेवतो, आवाज जातो गुडघ्याखाली, मग त्याला वाटतं आपण ऐकूच येत नाही. तो व्हॉल्यूम वाढवतो, ट्रेबल म्हणजे आवाजाची धार वाढवतो, आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानात तार खुपसल्यासारखं होतं. अण्णा अ‍ॅम्पच्या पुढच्या कडेखाली दोन विटा सरकवायचे, म्हणजे त्याचं तोंड वर व्हायचं.

"बाळ्या, आवाज पोटरीला ऐकवून काय करायचाय? पोटरी टाळ्या वाजवती का?" असं म्हणायचे.

दुसरी त्यांची पद्धत म्हणजे शेवटची खुर्ची. कार्यक्रमाआधी आवाजाच्या चेकिंगला मी हॉलच्या अगदी मागच्या रांगेत जाऊन बसायचो. अण्णा स्टेजवरून वाजवायचे आणि मी हातानं खुणा करायच्या. तळहात खाली दाबला की कमी करा. कानाला बोट लावलं की ट्रेबल टोचतोय. हात छातीवर ठेवला की बरोबर. ते कधी वाद घालायचे नाहीत. "स्टेजवरच्या माणसाला खरं कळत न्हाय. खरं मागच्या खुर्चीला कळतं," म्हणायचे. माझ्या हाताप्रमाणे नॉब फिरवायचे, आणि एकदा लावलं की कार्यक्रम संपेपर्यंत अ‍ॅम्पकडं वळूनही बघायचे नाहीत. आमच्याकडच्या बहुतेक हॉलांत त्यांचा व्हॉल्यूम चारवर बसायचा. तिथं त्यांनी वहिनींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता.

अठरा वर्षांपूर्वी पार्टीच्या मालकांनी सांगितलं की पुढच्या सीझनपासून एकच गिटार ठेवायची. कुणाची ते बोलले नाहीत, पण अण्णांचीच राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला लीड हवी होती. घर चालत नव्हतं असं काही नाही, दुकान बरं चाललं होतं. नुसती हवी होती.

उमरग्यातच एका मंगल कार्यालयात दुपारचं रिसेप्शन होतं. चेकिंग झालं. मी मागच्या खुर्चीवरून हात छातीवर ठेवला. अण्णा चहाला बाहेर गेले, आणि मी त्यांच्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम चारवरून नऊवर नेला. ट्रेबलही वाढवला. मला माहीत होतं, ते सुरुवातीला गिटारवरचा व्हॉल्यूम अर्धा ठेवून वाजवतात, त्यामुळं लगेच कळणार नाही. सोलो आला की पूर्ण उघडतात.

सोलो आला. त्यांनी उघडला. अशी शिट्टी आली की पहिल्या रांगेतली लेकरं रडायला लागली. नवरीनं कानावर हात ठेवले. नवऱ्यामुलाचे वडील माईक चालू असतानाच बोलले, "म्हाताऱ्याला ऐकू येतंय का न्हाय?" हॉल हसला.

मी मदतीला धावल्यासारखा अ‍ॅम्पकडं गेलो आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी नॉब परत लाल ठिपक्यावर आणला. अण्णा वळले तेव्हा व्हॉल्यूम चारवर होता. ट्रेबलही जागेवर. ते किती तरी वेळ त्या नॉबकडं बघत राहिले.

इथवरही कदाचित मला माफी असती. पण सामान टेम्पोत भरताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. "बाळ्या, खरं सांग. चेकिंगला तू मागं हुतास. तवाच आवाज जास्त हुता का?"

मी म्हणालो, "व्हय अण्णा. मागच्या तीन-चार कार्यक्रमांपासून जास्तच असतोय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पार्टी सोडली. पुन्हा स्टेजवर आले नाहीत. लीड मला मिळाली.

गेल्या वर्षी अण्णा वारले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी सुनंदा तो अ‍ॅम्प घेऊन माझ्या दुकानात आली. म्हणाली, "दादा, हा तुमच्याकडंच शोभंल. आमच्यात कोण वाजवतंय?" मग निघता निघता सहज बोलली, "कान गेले म्हणून अण्णांनी लई धसका घेतला हो. टीव्हीचा आवाजसुद्धा मला विचारून लावायचे. म्हणायचे, तूच लाव बाई, माझा भरवसा न्हाय. घरात बोलायचे ते पण इतकं हळू, की आमालाच ऐकू यायचं न्हाय."

मी मान हलवली. चहा मागवला.

अ‍ॅम्प मी मुरूम गावातल्या एका सत्काराला पहिल्यांदा नेला. दुपारी चारचा कार्यक्रम, हॉल मोठा, म्हणून व्हॉल्यूम सहावर ठेवला. तिसऱ्या गाण्याला आवाज मऊ झाला. वळून बघितलं तर नॉब चारवर, बरोबर लाल ठिपक्यावर. मी म्हटलं, ढोलकीच्या कंपनानं फिरला असेल. दुकानात आणून अ‍ॅम्प खोलला. नॉब चांगला घट्ट होता, बोटाला जोर लावल्याशिवाय फिरत नव्हता. तरी व्हॉल्यूमचा आतला भाग नवा बसवला. येरमाळ्याला एका हॉटेलच्या उद्घाटनाला नॉब सहावर ठेवून त्यावर काळी चिकटपट्टी आडवी लावली. कार्यक्रम संपल्यावर पट्टी जशीच्या तशी होती, कुठं चुरगळलेलीही नाही. ती सोलली... खाली नॉब चारवर.

आमचा ऑक्टोपॅडवाला मैनुद्दीन गुलबर्ग्याकडचा. तो हसला. "भाई, अच्छा है ना. अ‍ॅम्प तुमच्यापेक्षा हुशार निघाला. त्यालाच लीड द्या, तुम्ही घरी बसा."

मी पण हसलो. पण त्या दिवसापासून मी स्वतःच नॉब चारवर ठेवायला लागलो. आवाज उत्तम लागायचा, लोक विचारायचे कोणता अ‍ॅम्प आहे म्हणून. मला वाटलं, चला, अण्णांचं म्हणणं ऐकलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. या उन्हाळ्यात सुनंदाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. तिचा फोन आला, "दादा, तुम्हीच वाजवायचं. अण्णांच्याच अ‍ॅम्पवर." हॉल कोणता तेही तिनं सांगितलं. तेच मंगल कार्यालय. तिला त्यात काही खटकायचं कारण नव्हतं, ती त्या रिसेप्शनला नव्हती. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

अकरा वाजता आम्ही स्टेज लावला. विटा सरकवल्या. व्हॉल्यूम चारवर, मी स्वतःच्या हातानं. मैनुद्दीनला तीनदा विचारलं, "चारच आहे ना?" तो म्हणाला, "चार है बाबा, चार. लिहून देऊ?"

दोन गाणी झाली. तिसऱ्यात माझा सोलो. मी गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला, आणि तीच शिट्टी आली. तीच म्हणतोय, कारण आवाज ओळखणं हे माझं काम आहे आणि तो आवाज मी अठरा वर्षं विसरलेलो नाही. लेकरं रडायला लागली. सुनंदाच्या मुलीनं कानावर हात ठेवले. मी वळलो. नॉब चारवर होता. लाल ठिपक्यावर. ट्रेबल जागेवर.

मागून एक पाव्हणा म्हणाला, "काकांचे कान गेले वाटतं."

हॉल हसला. नॉबकडं बघण्यात माझा किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. अण्णांना काय दिसलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. सगळं जागेवर असतं. मग चुकीचं काय उरतं? आपणच.

एका नातेवाईकाच्या मोबाईलमध्ये त्या गाण्याचं पूर्ण शूटिंग आहे. मी ते वीसेक वेळा बघितलंय. अ‍ॅम्पजवळ कुणी जात नाही. माईक सगळे माझ्यापासून लांब आहेत. व्हॉल्यूम चारवर असताना त्या अ‍ॅम्पमधून तशी शिट्टी येऊच शकत नाही, हे मी कुणाही जाणकाराला समोर बसवून सिद्ध करून दाखवीन.

मी गिटार खाली ठेवली. मैनुद्दीननं बिचाऱ्यानं एकट्यानं ऑक्टोपॅड सुरू करून वेळ भरली. सुनंदा मागं भांड्यांच्या खोलीत होती, पेढ्यांची ताटं लावत. मी तिला सगळं सांगितलं. नॉब, नऊ, परत चार, आणि टेम्पोजवळ अण्णांना दिलेलं उत्तर. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं नाही.

म्हणाली, "दादा, आम्ही अण्णांना सोलापूरला नेलं हुतं. कानाच्या डॉक्टरकडं. डॉक्टर म्हणले, कान एकदम चांगले हायेत, काय झालंय ह्यांना? अण्णांनी ऐकलंच न्हाय. घरी येऊन म्हणले, डॉक्टर कुठं मागच्या खुर्चीवर बसला हुता? बाळ्या बसला हुता."

मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते तिचं बरोबरच होतं.

तिनं ताट एका बाईच्या हातात दिलं आणि पदरानं तोंड पुसलं. "ते गाणं अर्धं राहिलंय," म्हणाली. "लेकीच्या कार्यात अर्धं नगं. पुरं करा."

मी स्टेजवर गेलो. बघतो तर सुनंदा हॉलच्या अगदी मागं, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली होती. पाव्हण्यांना कळेना, मुलीची आई तिथं का बसली. मी एक तार छेडली. तिनं तळहात खाली दाबला. लहानपणी अण्णांच्या कार्यक्रमाला यायची, तेव्हा बघितलं असेल. नॉब चारवर होता, अण्णांच्या ठिपक्यावर. क्षणभर माझा हात पुढं होईना. मग मी नॉब साडेतीनवर आणला. पुन्हा तार छेडली. तिनं हात छातीवर ठेवला.

गाणं पुरं झालं. ती उठून पेढे वाटायला गेली.

त्या दिवसानंतर नॉब एकदाही आपोआप फिरलेला नाही. का फिरत होता, त्या दिवशी शिट्टी कशी आली, पट्टीखालून नॉब कसा हलला... मी अ‍ॅम्प पुन्हा दोनदा खोलला, प्रत्येक सोल्डर तपासला. काही नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरूर सांगावं, मी मन लावून ऐकेन. मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

फक्त एक सांगतो. परवा मुरूमला मी मुद्दाम व्हॉल्यूम सहावर ठेवून एक गाणं वाजवलं. फिरतो का बघायला. अर्धं गाणं झालं, नॉब सहावरच. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं कानाला बोट लावलं. मी तरी आणखी एक कडवं वाजवत राहिलो, वाट बघितली.

मग वळलो, आणि माझ्या हातानं तो खाली आणला.